गॅसवर चालणारे पिस्तूल म्हणजे सिलिंडरचे पिस्तूल नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत परवान्याच्या शस्त्रांची पावसाळ्यात घ्यावयाची काळजी या विषयावर एक छोटा मजकूर प्रसिद्ध झाला होता. हा विषय निवडल्याबद्दल प्रथम आभार मानतो, कारण परवान्यासाठी वर्षानुवर्षे कचेरीचे उंबरठे झिजवणारा आमच्याकडचा माणूस एकदा हत्यार हातात आले की ते कपाटात कापडात गुंडाळून ठेवतो आणि त्यानंतर थेट दसऱ्याच्या खंडेनवमीलाच हळदकुंकू वाहण्यासाठी बाहेर काढतो. मात्र त्या मजकुरातील दोन विधाने चुकीची असून त्यांपैकी दुसरे धोक्याचेही आहे. गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलाच्या मुठीत छोटा गॅस सिलिंडर असतो, असे पहिले विधान होते. आणि कोणत्याही पिस्तुलाचे सर्व भाग महिन्यातून एकदा तेलात भिजवून ठेवावेत, असे दुसरे. मी सैन्यात ईएमई या तांत्रिक दुरुस्तीच्या विभागात आर्मरर म्हणून नोकरी केली आहे आणि शस्त्रे उघडणे, साफ करणे, दुरुस्त करणे व पुन्हा जोडणे एवढेच काम आयुष्यभर केले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सिलिंडरचे पिस्तूल असते, नाही असे नाही. कार्बन डायऑक्साइडच्या किंवा दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारे ४.५ मिलिमीटरचे पिस्तूल नेमबाजीच्या सरावासाठी वापरतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी रायफलमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या भागातील मुलांमध्येही या खेळाची चर्चा वाढली आहे, आणि बहुधा त्यामुळेच 'गॅसचे पिस्तूल' म्हटले की हेच डोळ्यांसमोर येत असावे. परंतु शस्त्रांच्या भाषेत एखादे हत्यार गॅसवर चालते असे म्हणतात तेव्हा तो गॅस बाहेरून भरलेला नसतो. काडतुसातील दारू जळून जो गॅस तयार होतो, त्यातलाच थोडा हिस्सा वळवून हत्याराची यंत्रणा चालवली जाते. गोळी नळीतून पुढे जात असताना नळीच्या एका बारीक छिद्रातून हा गॅस निसटतो, पिस्टनवर आदळतो आणि पिस्टन रिकामी पुंगळी काढून नवे काडतूस भरण्याचे पुढचे काम करतो. आमच्या हाताखालून गेलेली ७.६२ ची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) याच तत्त्वावर चालत असे आणि त्यानंतर आलेली इन्सास रायफलही याच तत्त्वावर चालते.

एसएलआरच्या गॅस प्लगने मला हे तत्त्व जन्माचे शिकवले. त्या प्लगची एक बाजू गॅसचा मार्ग उघडा ठेवते आणि दुसरी बाजू, ग्रेनेड डागण्यासाठी म्हणून, तो बंद करते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका रायफलीची सफाई मोठ्या निगुतीने केली, नळी आरशासारखी चमकवली, आणि जोडताना प्लग उलटा बसवला. दुसऱ्या दिवशी रेंजवर त्या जवानाची पहिली गोळी गेली आणि रायफल तिथेच थांबली. प्रत्येक गोळीला त्याला हाताने बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) ओढावा लागत होता आणि मागे उभे असलेले उस्ताद माझ्याकडे पाहत होते. रायफलीत बिघाड काहीच नव्हता, फक्त तिच्या पोटात गॅस पोहोचत नव्हता. पुढे महिनाभर मला गॅस प्लग याच नावाने हाक मारली जात असे.

पिस्तुलांत मात्र गॅसची यंत्रणा दुर्मीळ आहे. सैन्यातले आमचे ९ एमएम पिस्तूल, जे ब्राउनिंग पिस्तुलाच्या रचनेवर ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत आले, ते गॅसवर चालत नाही. गोळी सुटताना बसणाऱ्या मागच्या धक्क्याने त्याची नळी आणि स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) थोडे अंतर एकत्र मागे सरकतात, मग नळी खाली झुकून थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते. खरोखर गॅसचा उपयोग करणारी जी पिस्तुले जगात प्रसिद्ध झाली, त्यांतले एक इस्रायलमध्ये तयार झालेले डेझर्ट ईगल आणि दुसरे जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीचे पी ७. गंमत अशी की या दोन्हींत गॅस नेमके उलट काम करतो. डेझर्ट ईगलमध्ये चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीच्या, लगेच पुढे असलेल्या छिद्रातून गॅस नळीखालच्या वाटेने पार तोंडापर्यंत जातो आणि तिथे पिस्टनला ढकलून स्लाइड मागे पाठवतो, म्हणजेच तो दार उघडतो. पी ७ मध्ये तोच गॅस नळीखालच्या छोट्या नळकांड्यात शिरून स्लाइडला जोडलेल्या पिस्टनला अडवून धरतो आणि गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत स्लाइडला मागे येऊ देत नाही, म्हणजे तो दार लावून धरतो. हे नळकांडे ट्रिगरच्या अगदी वर असल्यामुळे पी ७ मधून सलग बऱ्याच गोळ्या झाडल्या की बोटाला चटका जाणवतो. डेझर्ट ईगलचे वजन सुमारे २ किलो असल्यामुळे ते कमरेला लावून फिरण्याचे हत्यारच नव्हे, हे चित्रपट पाहून भुललेल्या तरुणांना मला अनेकदा सांगावे लागते.

आता सफाईचा मुद्दा. जळालेल्या दारूचा गॅस जिथून जातो तिथे काजळी धरते, आणि ही काजळी तव्याच्या बुडाला बसलेल्या थरासारखी एकावर एक चढत जाऊन दगडासारखी कडक होते. छिद्र अरुंद होते, पिस्टन अडखळू लागतो, स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडताना मध्येच अडकते. अशा वेळी आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे तेल. मजकुरातील सल्ल्याप्रमाणे पिस्टन आणि त्याचे नळकांडे तेलात भिजवून ठेवले, तर पुढच्या काही गोळ्यांतच त्या तेलाची काजळी होते आणि जुन्या थरावर नवा थर चढतो. गॅसचे भाग साफ करून कोरडे ठेवायचे असतात. एसएलआरच्या बाबतीतही आम्हाला हेच घोकून घ्यावे लागे. पी ७ सोबत तर नळकांडे आतून खरवडण्यासाठी एक खास ब्रशही येत असे, यावरून तिथे काजळी किती धरते याची कल्पना यावी. काजळी खरवडण्यासाठी पितळेचे किंवा कंपनीने दिलेले साधनच वापरावे, आणि गॅसच्या छिद्रात दाभण, सायकलची तार किंवा ड्रिलची पिन घालू नये. ते छिद्र केसभर मोठे झाले तरी पिस्टनवर पडणारा दाब बदलतो आणि हत्यार आपटून फुटायला सुरुवात होते. याच कारणाने अशा पिस्तुलांत उघड्या शिशाची गोळी वर्ज्य असते, कारण तिचे खरवडलेले शिसे छिद्रात जाऊन थिजते. तांब्याचे कवच असलेलीच गोळी वापरायची असते.

नळीची सफाई मात्र सगळ्या हत्यारांत जवळजवळ सारखी असते. सॉल्व्हंट लावलेला ब्रश नळीतून फिरवायचा, नळी वेगळी होत असेल तर चेंबरच्या बाजूने, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही, मग कोरड्या चिंध्या दोरीने ओढायच्या, जोवर चिंधी स्वच्छ निघत नाही तोवर. सैन्यात या दोरीला पुल-थ्रू म्हणतात, पण बराकीत तिचे नाव 'फुलथ्रू' हेच होते. शेवटची चिंधी किंचित तेलाची. झाडण्यापूर्वी तेवढेही तेल पुसून घ्यायचे आणि नळी उजेडाकडे धरून एकदा आरपार पाहायचे, कारण नळीत राहिलेली एक चिंधीदेखील नळी फुगवायला पुरेशी असते. स्लाइड ज्या खाचांवर सरकते तिथे तेलाचा पातळ हात द्यायचा. हात म्हणजे बोटाने पुसल्यावर चमक राहील एवढाच, ओघळ नव्हे. फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझीनच्या (काडतुसांच्या डबीच्या) आत तेल नको, कारण तिथून ते काडतुसाच्या मागच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीपर्यंत झिरपले तर ऐनवेळी टोपी फुसकी निघते.

हे सारे ज्या क्रियेनंतर करायचे, त्या हत्यार रिकामे करण्याबद्दल आपल्या मजकुरात एक ओळही नव्हती, याचे मला सर्वांत वाईट वाटले. आमच्या तालुक्यातील एका गावात एक सद्गृहस्थ आपले पिस्तूल सोप्यावर बसून साफ करायला घेत होते. त्यांनी आधी स्लाइड मागे ओढली, चेंबरमधले काडतूस बाहेर पडले, ते त्यांनी उचलून खिशात ठेवले आणि मग मॅगझीन काढले. स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधले दुसरे काडतूस चेंबरमध्ये घेऊन आली होती, हे त्यांच्या लक्षातच आले नाही. हत्यार उघडण्यापूर्वी ट्रिगर दाबला आणि गोळी मंगळुरी कौलातून वर गेली. कोणाला इजा झाली नाही. ते कौल त्यांनी अजून बदललेले नाही आणि त्या भोकातून सोप्यावर दुपारी रुपयाएवढा उजेड पडतो. चूक फक्त क्रमाची होती. आधी मॅगझीन बाहेर काढायचे, नंतर स्लाइड दोन-तीनदा मागे ओढून ती मागेच अडकवायची, मग चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचे आणि करंगळी घालून चाचपायचे, आणि निघालेली काडतुसे त्या खोलीत न ठेवता दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. हे होईपर्यंत नळीचे तोंड कोणाकडेही नको, आणि घरातील मुले आसपास नकोत. सैन्यात 'जाँच शस्त्र' हा हुकूम रोज ऐकावा लागतो तो याचसाठी. सुभेदार मेजर असो वा रंगरूट, 'माझे हत्यार रिकामेच आहे' हे कोणाचे ऐकून घेतले जात नाही.

आमच्या सातारा-सांगलीकडच्या परवानाधारकांकडे गॅसची पिस्तुले जवळजवळ नसतातच. ९ मिलिमीटर हा बोअर (नळीचा व्यास) सामान्य नागरिकाला प्रतिबंधित असल्याने घरोघर दिसते ते ईशापूरचे .३२ बोअरचे पिस्तूल, नाहीतर कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर, आणि मळ्यातल्या वस्तीवर बारा बोअरची बंदूक. .३२ चे ते पिस्तूल साध्या ब्लोबॅकवर चालते. त्यात ना पिस्टन, ना गॅसचे छिद्र, फक्त स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर. म्हणजे इंटरनेटवरील एखाद्या चलचित्रात परदेशी पिस्तुलाचा पिस्टन खरवडताना पाहून आपल्या पिस्तुलात पिस्टन शोधत बसण्याचे कारण नाही. एका तरुण परवानाधारकाने असा शोध घेताना स्लाइडला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग उडवली आणि ती पत्र्याच्या कपाटामागे दोन दिवस सापडली नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. हत्यार कोणत्या तत्त्वावर चालते ते आधी माहीत करून घ्यावे आणि सोबत आलेल्या पुस्तिकेत जितके उघडायला सांगितले आहे तितकेच उघडावे. त्यापुढचे काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, त्यामुळे गल्लीतल्या लेथवाल्याकडे हत्यार नेणे हे त्याच्यासाठीही अडचणीचे आणि आपल्यासाठीही.

आपल्या भागाचा खरा शत्रू गॅसची काजळी नसून ओल आहे. महाबळेश्वर, पाटण, कोयना या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथे पोलाद काय वाळणार? त्यातून हत्यार चामड्याच्या म्यानात घालून ठेवण्याची हौस. चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि त्याने शोषलेली ओल यांमुळे म्यान जिथे जिथे टेकते तिथे तिथे महिनाभरात तांबडे ठिपके उठतात. म्यान फिरताना वापरण्यासाठी असते, साठवणुकीसाठी नव्हे. घरी हत्यार सुती, किंचित तेलकट फडक्यात, कुलपाच्या कोरड्या कपाटात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावे आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला बाहेरून पुसून घ्यावे. हाताच्या घामाचे डागही तितकेच वाईट. खंडेनवमीला पूजा झाल्यावर हळदकुंकवाचे बोट हत्यारावर तसेच राहिले तर त्या बोटाचा ठसा पुढच्या दसऱ्यापर्यंत गंजात उमटलेला मी पाहिला आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही, मीही पूजा करतो, फक्त संध्याकाळी पुसून ठेवतो.

तेलाबद्दलही सांगितले पाहिजे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, आणि साताऱ्याच्या पौषातल्या पहाटे फायरिंग पिनच्या भोकात थिजलेले खोबरेल म्हणजे मेणाचा बूच. शेंगदाण्याचे तेल काही महिन्यांत चिकट होते. रॉकेल जुने मळलेले ग्रीस काढायला चांगले, पण ते उडून गेल्यावर पोलाद उघडे पडते आणि रॉकेलने धुतले म्हणून निश्चिंत राहिलेल्याचे हत्यार आठवड्यात गंजते. शिलाई मशीनचे तेल खाचांना चालते, साठवणुकीला कमी पडते. राख, विटेची भुकटी, चिंच आणि पितळी भांड्यांची पावडर यांना हत्याराजवळ येऊ देऊ नये. पोलादावरचा निळसर काळा थर हा मळ नसून गंजापासून केलेले संरक्षण आहे, आणि तो घासून हत्यार पांढरे शुभ्र करणाऱ्या उत्साही मंडळींनी मला सर्वांत जास्त काम दिले आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचे पिस्तूल कपाटाच्या खालच्या कप्प्यात चार दिवस पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी ते, भिजलेला मोबाइल ठेवतात तसे, तांदळाच्या डब्यात ठेवले आणि दोन दिवसांनी मला फोन केला. स्लाइड निम्मी मागे येऊन अडकली होती, नळीत कृष्णेचा गाळ पिठासारखा घट्ट बसला होता आणि त्यावर तांदळाचे दोन दाणे चिकटलेले होते. हत्याराशी आणखी झटापट न करता पोलिस ठाण्याला कळवून त्यांनी ते परवानाधारक कारागिराकडे न्यावे असे मी सांगितले. कारागिराने मुठीच्या पट्ट्या काढल्या तेव्हा बाहेरून बरे दिसणारे पोलाद पट्ट्यांखाली पूर्ण तांबडे झाले होते. पाण्यात बुडालेल्या हत्याराला वाळवण्याची घाई करायची नसते; कारागिराच्या हाती लवकर पोहोचले तर आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, मग पाणी हटवणाऱ्या तेलाने ते वाचवता येते. भिजलेली काडतुसे मात्र कितीही वाळवली तरी वापरू नयेत. एखादे फुसके निघून गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी झाडली, तर नळी फुटते.

शेवटी एक मागणी. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यांत ७ मे रोजी लोकसभेचे आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. निवडणुकीच्या काळात ज्यांना नोटीस येते ते परवानाधारक आपले शस्त्र पोलिसांकडे जमा करतात आणि ते काही आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ तिथे राहते. एका ठिकाणी मी नावाची चिठ्ठी बांधलेली पिस्तुले प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवलेली पाहिली. आत ओल कोंडून पिशवीला आतून घाम सुटलेला होता. कर्मचाऱ्यांना दोष देत नाही, त्यांना बंदोबस्ताचे काम होते आणि हत्यारे नीट तेल लावून जमा करणे ही आमचीच जबाबदारी होती. परंतु परवान्याच्या नव्या अर्जदारांना २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते, तर वडिलोपार्जित बंदुका बाळगणाऱ्या जुन्या परवानाधारकांपैकी अनेकांना हे कधी कोणी शिकवलेलेच नाही. शस्त्रे परत देण्याच्या दिवशी पोलिस मुख्यालयातील एखाद्या आर्मररने तासाभराचे प्रात्यक्षिक दाखवावे, हत्यार रिकामे कसे करायचे आणि तेल किती लावायचे एवढेच, आणि जमा करताना प्लास्टिकऐवजी तेलकट कागद वापरावा. आमच्यासारखे निवृत्त आर्मरर दोन्ही जिल्ह्यांत आहेत. बोलावल्यास स्वखर्चाने येऊ.

तूर्त आपल्या पुढील रविवारच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती: गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलात गॅस काडतुसातून येतो, त्याचा पिस्टन आणि नळकांडे कोरडे ठेवायचे असतात, आणि कोणतेही पिस्तूल साफ करायला घेताना आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड ओढायची.

आपला,
एक निवृत्त आर्मरर
ता. कोरेगाव, जि. सातारा